‘पेरो’ आणि ‘तरी’

इटालियन शिकताना मला नामांनी वा क्रियापदांनी फारसे छळले नाही. छळले ते उभयान्वयी अव्ययांनी. ‘पिओवे, आंत्सी दिलूविआ’ या वाक्यातील ‘आंत्सी’ला ‘उलट’ हा अर्थ बसेना. पाऊस पडतो आहे, नव्हे, कोसळतो आहे! आपले जुने, भारदस्त ‘नव्हे’ आठवले, तेव्हा वाक्य उलगडले.

वाचनप्रक्रियेचे अभ्यासक सांगतात की वाचताना डोळा एका ठिकाणी साधारण पाव सेकंद थांबतो आणि लहान, परिचित शब्द पुष्कळदा ओलांडून जातो. तरीही त्या शब्दाचे काम झालेले असते. ‘पेरो’ आला की पुढे विरोध येणार, ‘क्विंदी’ आला की निष्कर्ष येणार, अशी मनाची तयारी होते आणि पुढचे वाक्य त्या अपेक्षेनेच वाचले जाते.

हीच तत्परता दान्तेपाशी (१२६५–१३२१) घात करते. आजच्या इटालियनमध्ये ‘पेरो’ म्हणजे ‘पण’. त्याचे मूळ मात्र लॅटिन ‘पेर होक’, म्हणजे ‘या कारणाने’. आणि दान्तेच्या महाकाव्यात तो पुष्कळदा ‘म्हणून’ याच अर्थाने येतो. नकारार्थी वाक्यांतून हा कारणवाचक शब्द पुढे विरोधाकडे सरकला. ‘पाऊस आला म्हणून काही सभा थांबली नाही’ या मराठी वाक्यात ती वाट अजूनही दिसते. आजचा इटालियन वाचक जिथे आक्षेपाची अपेक्षा करतो, तिथे कवी शांतपणे निष्कर्ष काढत असतो.

आपल्याकडेही हे घडते. दान्तेचा जवळजवळ समकालीन असलेला ग्रंथ म्हणजे ज्ञानेश्वरी (१२९०). तिच्यातील ‘तरी’ अनेकदा ‘तर’ या अर्थाने येतो. आज ‘असे असूनही’ या अर्थाला सरावलेला विद्यार्थी तिथे नसलेला विरोध वाचतो, आणि ओवीतील युक्तिवादाची दिशाच बदलते.

जुन्या ग्रंथांच्या शब्दार्थसूचीत आपण अवघड नामे आणि विशेषणे देतो. पण अनोळखी शब्दापाशी वाचक आपणहून थांबतो, कोश उघडतो. ओळखीच्या दिसणाऱ्या ‘तरी’पाशी तो थांबतच नाही. माझ्या मते वर्गात प्रथम अधोरेखित करायला हवेत ते हेच शब्द.