पंपाचे समाधान

आमच्या जळगाव-धुळे भागात कापसाची वेचणी जोरात असते, जिनिंगच्या आवारात कापसाचे तंतू उडत असतात आणि पहाटेची थंडी बोचू लागते, तेव्हा दवाखान्यात दम्याच्या वयस्कर रुग्णांची वर्दळ वाढते. त्यांतील पुष्कळांची तक्रार दम्याविषयी नसते, औषधाविषयी असते. "पंप घेतो, पण समाधान नाही."

आमच्या एका सत्तरीच्या आजींना मात्र निळ्या पंपाचे पूर्ण समाधान होते. त्यातील साल्ब्युटामॉल काही मिनिटांत श्वासनलिका सैल करते. दुसरा, ब्युडेसोनाइडचा पंप त्यांनी फडताळात ठेवून दिला होता; त्याने म्हणे काही वाटतच नाही. वाटणार कसे? तो श्वासनलिकांची सूज उतरवतो, रोज घ्यावा लागतो आणि पूर्ण गुण यायला काही आठवडे जातात. "रात्री किती वेळा उठता?" एवढेच मी विचारले. दोनदा, तीनदा. दोनशे फवाऱ्यांचा निळा पंप तीन आठवड्यांत संपत होता. निळा पंप आठवड्यातून दोनदांहून अधिक लागू लागला, तर दमा आटोक्यात नाही असे समजावे.

"पण सवय लागी जाई ना, डाक्टर?" ही भीती घरोघरी आहे. साल्ब्युटामॉलची गोळी चार मिलिग्रॅमची, तर एक फवारा शंभर मायक्रोग्रॅमचा, म्हणजे गोळीचा चाळिसावा भाग. तोही थेट श्वासनलिकेत. तरीही लोकांना गोळी सौम्य वाटते, याचे मला नवल वाटते.

खरी अडचण बहुधा हातात असते. संधिवाताच्या बोटांना डबी दाबवत नाही. दाबली तरी श्वास मागे राहतो आणि औषध घशातच बसते. अशांना स्पेसर द्यावा. कोरड्या पुडीची कॅप्सूल यंत्रात न घालता पाण्याबरोबर गिळणारेही मी पाहिले आहेत. म्हणून घरच्यांनी रुग्णाला समोर बसवून पंप घेताना एकदा पाहावे: फवारा असेल तर श्वास सावकाश, पूड असेल तर जोराने, मग दहा सेकंद धरून ठेवावा. ब्युडेसोनाइडनंतर चूळ भरून थुंकावी, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे उठतात.

आजींच्या नातीने हे काम अंगावर घेतले. गेल्या पौषात आजी रागावूनच आल्या. निळा पंप अर्धाही न वापरता मुदतबाह्य झाला, पैसे वाया गेले. मी नवा लिहून दिला. तो उशाशी हवाच.