पवई तलावाचा मोसम कोणत्या दिवशी उघडतो?

गळाने मासे धरण्याच्या छंदात ‘मोसमाचा पहिला दिवस’ ही कल्पना प्रामुख्याने ट्राउट या थंड पाण्यातल्या माशाभोवती रुजली असून तिच्या मुळाशी माशाच्या विणीचा हिशेब आहे. तपकिरी ट्राउट शरद ऋतूच्या अखेरीस तलावातून ओढ्यांत चढतो, तळाच्या गोट्यांत खळगा करून अंडी घालतो, आणि वीण आटोपून खंगलेला मासा वसंतात पुन्हा अंगी लागेपर्यंत त्याच्यावर गळ टाकू नये, असा दंडक पडला. स्कॉटलंडमध्ये त्याला कायद्याचे रूप येऊन 15 मार्च ते 6 ऑक्टोबर ही मुदत ठरली. याच स्कॉटलंडमधून 1900 साली काश्मीरमध्ये ट्राउटची अंडी आणली गेली आणि तिथेही साधारण एप्रिल ते सप्टेंबर असा मोसम पाळला जाऊ लागला. निलगिरीत आणि मुन्नारच्या चहामळ्यांच्या उंचीवर इंद्रधनुषी ट्राउट रुजला, महाराष्ट्रात मात्र नाही. कारण या माशाला विसेक अंशांपेक्षा फार न तापणारे आणि म्हणूनच प्राणवायू भरपूर धरून ठेवणारे पाणी बारमाही लागते, आणि महाराष्ट्राच्या सह्याद्रीतला कोणताही जलाशय मे महिन्यात ते देऊ शकत नाही.

ट्राउट ज्या पद्धतीने धरतात तिला फ्लाय फिशिंग म्हणतात. साध्या गळात आमिषाचे किंवा शिशाचे वजन दोरीला ओढत नेते. इथे मात्र गळावर पिसे व रेशीम बांधून केलेली कृत्रिम माशी जवळजवळ वजनरहित असते, आणि फेकीला लागणारे वजन खुद्द जाड दोरीतच असते, त्यामुळे काठी मागेपुढे झुलवून ती दोरीच हवेत उलगडत न्यावी लागते. तलावावरच्या पहिल्या दिवशी पाणी अजून गार असते, मोठे किडे उडू लागलेले नसतात, आणि मासा तळातून वर येणाऱ्या चिलटांच्या कोषांवर पोट भरत असतो. म्हणून जाणकार भडक माशी न निवडता बारीक, काळपट माशी बांधून ती अतिशय सावकाश ओढतात. सारांश, या पद्धतीला नितळ पाणी आणि नजरेने भक्ष्य टिपणारा मासा या दोन गोष्टी लागतात.

अंधेरीच्या पूर्वेला असलेल्या पवई तलावात या दोन्ही गोष्टींची वाण आहे. 1890 च्या सुमारास पाणीटंचाईच्या काळात बांधलेला, भरल्यावर सुमारे 545 कोटी लीटर पाणी धरणारा हा तलाव पिण्याच्या पाण्याच्या कामातून लवकरच बाद झाला, आणि विहार व तुळशी हे त्याचे शेजारी शहराला पाणी पाजत राहिले तरी पवईकडे उद्योगांची गरज भागवण्याचे आणि हौशी मासेमारांचे काम आले. महाराष्ट्र राज्य अँगलिंग असोसिएशन ही हौशी मासेमारांची संस्था याच काठावरची. इथला गळ मुख्यतः कटला, रोहू आणि मृगळ या तीन कार्प माशांसाठी पडतो. कटला पाण्याच्या वरच्या थरातले सूक्ष्म जीव गाळून खातो, रोहू मधल्या थरात वनस्पती कुरतडतो आणि मृगळ तळाचा गाळ चाळतो. तिघांपैकी एकही उडत्या किड्याच्या मागे धावणारा नाही, म्हणून येथील कौशल्य मळलेल्या पिठाच्या गोळ्यात आणि वासाच्या मसाल्यात आहे, पिसांच्या माशीत नाही. सांडपाण्याने गढुळलेले पाणी आणि जलपर्णीचे तरंगते थर पाहता माशी फेकणाऱ्याची दोरी उलगडण्याआधीच अडकण्याचा संभव अधिक. शिवाय ट्राउटवाल्यांप्रमाणे कमरेइतक्या पाण्यात उतरून उभे राहण्याचा विचारही येथे करू नये, कारण तलावात मगरी आहेत.

आमिषाचे हे शास्त्र परदेशातून आलेले नाही, हे छंदाच्या इतिहासात वारंवार विसरले जाते. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये ‘मत्स्यविनोद’ हा भाग असून त्यात माशांचे प्रकार, त्यांचा चारा आणि गळाने ते धरण्याची रीत वर्णिली आहे.

मोसमाचा प्रश्न मात्र पवईत वेगळ्याच ठिकाणी अडतो. पश्चिम भारतातील गोड्या पाण्यातले बहुतेक मासे पावसाळ्यात वितात. जूनच्या पहिल्या मोठ्या सरींबरोबर ते ओहोळांतून आणि भातखाचरांतून वर चढतात, आणि ठाणे-रायगडच्या खेड्यांत ज्यांना वलगणीचे किंवा चढणीचे मासे म्हणतात ते नेमके याच वेळी, पोटात गाभोळी असताना पकडले जातात. म्हणजे ट्राउटचा पहिला दिवस विणीनंतर येतो, तर वलगणीचा पहिला दिवस विणीच्या ऐन मुहूर्तावर, आणि काठावरच्या चवीचा मान राखूनही हे दुसरे गणित माशाच्या दृष्टीने घाट्याचेच म्हणावे लागते. कटला, रोहू, मृगळ यांना तर विण्यासाठी पूर आलेली वाहती नदी लागते, साचलेल्या पाण्यात ते वीत नाहीत. 10 जुलै 1957 रोजी हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी माशाच्या मेंदूलगतच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या कार्पांची वीण घडवून आणली, तेव्हापासून मत्स्यजिरे, म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्ले, आणि त्यांची बोटभर वाढलेली बोटुकली तळ्यातळ्यांत सोडणे शक्य झाले. ज्या तलावातला मासा टाकीत जन्मून येतो, तिथे बंद काळ विणीवरून ठरवण्याचे कारणच उरत नाही.

सह्याद्रीत ट्राउटच्या जागी शोभणारा, कृत्रिम माशीवर झेपावणारा मासा म्हणजे दख्खनी महासीर. सायक्स या निसर्गअभ्यासकाने 1839 मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या नमुन्यांवरून त्याचे शास्त्रीय वर्णन केले, आणि लोणावळ्याजवळच्या वळवण जलाशयावर टाटांच्या वीज कंपनीने 1970 च्या दशकात त्याचे बीजोत्पादन हाती घेतले. पण हे यशही निर्भेळ नाही: वळवणची बोटुकली कावेरीत सोडल्यावर तेथे ती इतकी फोफावली की मूळचा कुबड्या महासीर मागे हटत गेला आणि आता अतिसंकटग्रस्त गणला जातो. पवईत मोसम निर्माण करण्यासाठी आणखी एखादा नावाजलेला मासा सोडावा, असे सुचवणाऱ्यांनी कावेरीचा हा अनुभव आधी वाचावा.

तरीही पवईसाठी बंद काळाचे एक खरे कारण आहे, आणि ते मरळ या माशाच्या रूपाने तलावात आधीपासूनच पोहते आहे. मरळ साचलेल्या पाण्यातच पावसाळ्यात वितो, पाणवनस्पतींत जागा साफ करून तरंगती अंडी घालतो, आणि पिल्लांचा तांबूस पुंजका पृष्ठभागाशी हलत असताना नर-मादी त्याच्या खालून राखण करतात. पुंजक्यावरून काहीही सरकले तरी ते त्यावर तुटून पडतात. या झेपेत भुकेपेक्षा संताप अधिक असतो आणि नेमका याचाच फायदा घेऊन बेडकाच्या आकाराचे कृत्रिम आमिष तिथे ओढले जाते. राखणदार काठावर आला की पिल्ले काही तासांत तिलापियाच्या आणि पाणपक्ष्यांच्या तोंडी जातात. मरळ नजरेने शिकार करतो, पिसांच्या मोठ्या माशीवरही येतो. त्यामुळे ट्राउटच्या छंदाच्या सर्वांत जवळचा पवईकर मासा तोच. जून ते सप्टेंबर त्याच्यावर गळ न टाकता पिल्ले पांगल्यानंतर, ऑक्टोबरच्या सुरुवातीला मोसम उघडला, तर पवईला स्वतःच्या पाण्यातून आलेला पहिला दिवस मिळेल, आणि त्यासाठी बाहेरून एकही बोटुकली आणावी लागणार नाही.