मुळशीकाठचा पिझ्झा

पौडाहून ताम्हिणीकडे जाताना नातवाच्या हट्टास्तव आम्ही मुळशीच्या जलाशयानजीक एका लहानशा पिझ्झागृहात शिरलो. नेपल्स नगरीतील गोरगरिबांचे हे खाद्य; मैद्याच्या भाकरीवर टोमॅटो व चीज. आमच्या थालीपिठाचे जणू दूरदेशीचे भावंड!

"आजोबा, येथे पूर्वी काय पिकत असे?" नातवाने पुसले. आम्ही पाण्याकडे बोट केले. टाटांच्या धरणाने बुडविलेली भातखाचरे तेथेच आहेत. त्यांच्यासाठी १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापटांनी कारावास सोसला. वीज मुंबईस गेली, शेते तळाशी राहिली.

नातवाने हातचा तुकडा खाली ठेविला. आम्ही म्हणालो, "बाळ, अन्न टाकू नये. मात्र कोणाच्या शेताकाठी जेवलो, हे विसरू नये."