चौघडी

कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात माझ्याकडे एक चौघडी होती. आजीच्या जुन्या हिरव्या लुगड्याची, चार पदरी, कडेनं पांढऱ्या दोऱ्यानं टाचलेली. आठ वर्षांच्या मुलाच्या पाठीखाली घातली तर गुडघ्यापर्यंत पोचेल, एवढीच. आमच्या घरातल्या दोन मुलांच्या रात्री तिनं सांभाळल्या. गेल्या महिन्यात ती तिसरीकडे गेली.

11 डिसेंबर 1967ला कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी 5 वर्षांची होते, दादा 8 वर्षांचा. आमचं गाव पाटण तालुक्यातलं. पहाटे सव्वाचारचा सुमार. मला आठवतो तो जमिनीतून आलेला आवाज, आणि मला उचलून अंगणाकडे धावणारी आई. दादा माजघरात झोपला होता. भिंतीची माती त्याच्या अंगावर ढासळली, अण्णांनी त्याला ओढून काढलं. खरचटण्यापलीकडं पोराला काही झालं नाही, म्हणून सगळ्यांनी देवाला हात जोडले.

पुढं कितीतरी दिवस आम्ही खळ्यात, कडब्याच्या आडोशाला झोपत होतो. धक्के येतच होते. तिसऱ्या की चौथ्या रात्री दादाचं अंथरूण ओलं झालं. तीन वर्षांचा असल्यापासून कधी अंथरूण न भिजवलेला मुलगा. मग ते रोजचंच झालं.

वाकळ ज्यांनी धुतली आहे त्यांनाच तिचं ओझं ठाऊक. पाचसहा जुनी लुगडी एकावर एक घालून शिवलेली, भिजली की दोघींनी मिळून पिळावी लागते आणि थंडीत दोन-दोन दिवस वाळत नाही. आमच्याकडं वाकळा वर्षातून एकदा, घट बसायच्या आधी, ओढ्यावर नेऊन धुवायची रीत. आता रोज सकाळी कुंपणावर एक वाकळ दिसू लागली. येणाराजाणारा बघायचा आणि समजायचा. पोरांनी दादाला नाव पाडलं. अण्णांना तो आळस वाटला. एका सकाळी त्यांनी हात उचलला तेव्हा आजी मधे आली. "झोपल्यालं पोर काय जाणून करतंय व्हय?" एवढंच म्हणाली.

त्याच दुपारी तिनं आपलं हिरवं लुगडं फाडलं आणि चार चौघड्या टाचल्या. तालुक्याहून मेणकापड आणवलं. वाकळेवर मेणकापड, त्यावर चौघडी, त्यावर दादा. ती त्याच्या शेजारी झोपायची. रात्री हात घालून बघायची, ओलं लागलं की दिवा न लावता, त्याला हाक न मारता ओली चौघडी अलगद ओढून घ्यायची आणि कोरडी सरकवायची. सकाळी ती चौघडी दांडीवर बायकांच्या लुगड्यांमध्ये वाळायची. कुणाला वेगळी ओळखू यायची नाही. कुंपणावरची वाकळ दिसेनाशी झाली तसं पोरांचं चिडवणंही विरत गेलं. संध्याकाळी ती त्याला मूठभर काळे तीळ आणि गूळही द्यायची. तिळानं किती गुण आला मला सांगता येणार नाही. तिच्या त्या अंधारातल्या हातानं आला, असं मी आज खात्रीनं म्हणते.

दीड वर्षानं सगळं आपोआप थांबलं. त्या दीड वर्षात शाळेची सहल प्रतापगडावर गेली आणि दादा ताप आल्याचं सांगून घरी राहिला. या गोष्टीबद्दल पुढं घरात कुणी चकार शब्द काढला नाही.

मी ती चौघडी आजीची आठवण म्हणून लग्नानंतर पुण्याला आणली. पुढं माझ्याच मुलाला ती लागेल असं मनात नव्हतं.

1998 साली मुलगा 7 वर्षांचा होता आणि सलग आठवडाभर तो कधीच कोरडा उठला नव्हता. आजीचं सगळं पाहिलेली मी, तरी चुकत गेले. संध्याकाळी पाचनंतर पाणी बंद केलं. दर दोन तासांनी त्याला हलवून उठवलं. अर्धवट झोपेत तो न्हाणीघरापर्यंत यायचा, सकाळी त्याला त्यातलं काही आठवायचं नाही. "एवढा घोडा झालास तरी" असं त्याचे बाबा म्हणायचे. आणि एकदा मी त्याच्या आतेभावासमोर बोलून गेले. त्या वेळचा त्याचा चेहरा मला अजून दिसतो.

शेवटी बालरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "हा कधी कोरडा राहिलाच नाही, की मधे सहा महिने राहून पुन्हा सुरू झालं?" मला खळं आठवलं. कोरडं राहिलेलं मूल पुन्हा भिजवायला लागलं तर कारण शोधावं लागतं: भीती, घरातली उलथापालथ, लघवीतला जंतुसंसर्ग, क्वचित मधुमेह. मूल सारखं पाणी मागत असेल, वाळत चाललं असेल तर लघवी आणि रक्तातली साखर लगेच तपासायची. दादाचं उत्तर मला तीस वर्षांनी मिळालं.

माझा मुलगा मात्र दुसऱ्या गटातला. पाचव्या वर्षी शंभरातली पंधरा-एक मुलं रात्री अंथरूण ओलं करतात, बाई म्हणाल्या, आणि दर वर्षी त्यांतली साधारण सातातलं एक आपोआप थांबतं. रात्री लघवी कमी करणारं संप्रेरक काही मुलांत उशिरा वाढतं, मूत्राशय लहान असतं किंवा लवकर आकसतं, आणि झोप एवढी गाढ की भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचतच नाही. पोट साफ नसेल तर मूत्राशयावर आणखी दाब. त्यांनी त्याला मापाचा पेला दिला. 7 वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात साधारण 240 मिलिलिटर मावायला हवं. त्याचं 130च्या आसपास भरायचं. दिवसभर भरपूर पाणी प्यायचं, संध्याकाळनंतर बेतानं, दर दोन-तीन तासांनी लघवीला जायचं, झोपण्याआधी दोनदा. रागावायचं नाही, एवढं त्यांनी आम्हा दोघांना दोनदा सांगितलं. मग विचारलं, "तुमच्यापैकी कुणाला लहानपणी होतं?" आईबापांपैकी एकाला असलं तर मुलाला होण्याची शक्यता शेकडा चाळीसच्या वर जाते.

मी नाही म्हटलं. हे गप्प राहिले.

रात्री मी भांडी घासत होते. ओट्याशी येऊन हे म्हणाले, "मला होतं. सहावीपर्यंत." लग्नाला दहा वर्षं झाली होती आमच्या. हे कुणालाच कधी बोलले नव्हते, स्वतःच्या भावालाही नाही.

दुसऱ्या दिवशी ते मुलाच्या अंथरुणावर बसले आणि त्यालाही सांगितलं. तो बराच वेळ बघत राहिला. मग विचारलं, "बाबा, सहावीत थांबलं?" त्यानं बोटांवर मोजलं. "म्हणजे फार तर चार वर्षं." त्याच्या आवाजात केवढी सुटका होती! त्या रात्री मी खालच्या खणातून चौघडी काढली. चौथीत जायच्या आधीच त्याचं थांबलं.

आता त्याची मुलगी 7 वर्षांची आहे, नागपूरला. तिच्या डॉक्टरांनी गजर सुचवला. चड्डीला लावायचा छोटा तुकडा, पहिला थेंब लागला की वाजतो. ही कल्पना जुनी आहे. 1938 साली अमेरिकेत मॉवरर पती-पत्नींनी तिच्यावर अभ्यास प्रसिद्ध केला होता. मुलाला नीट जागं करून न्हाणीघरापर्यंत चालवत नेण्याचं काम सुरुवातीला मोठ्यांनाच करावं लागतं, तेही दोन-तीन महिने, रोज. साधारण तिघांतली दोन मुलं त्यानं कोरडी होतात. मुलगा फोनवर म्हणाला, "तिला पहिल्याच दिवशी सांगितलं, बाबांचंही असंच होतं आणि आजोबांचंही." आणि मग, "आई, ती हिरवी चौघडी पाठव."

पाठवण्याआधी मी दादाला फोन केला. त्याची आहे म्हणून. तो जरा वेळ काही बोलला नाही. "अजून आहे ती?" आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, म्हणाला, "आजी बदलायची तेव्हा मी जागा असायचो गं. रोज. डोळे मिटून पडून राहायचो. आणि तिला ते माहीत होतं."

परवा सुनेनं फोटो पाठवला. नात अजून आठवड्यातून तीनदा भिजवते. गॅलरीतल्या दोरीवर, ओढण्या आणि टॉवेलांच्या मधे, चौघडी वाळत होती.