अंगठ्याचा ठसा आणि रसायनशास्त्र

आपल्या विद्यालयाच्या स्मरणिकेत आमच्या अभ्यासक्रमाविषयी चार शब्द लिहावेत, अशी गुरुजनांची सूचना आली आणि आम्हांस मनापासून आनंद झाला. डहाणू व तलासरी तालुक्यांतील पाड्यांवरून येऊन या वसतिगृहात वाढलेले आम्ही तिघे आज मुंबईत रसायनशास्त्रासह न्यायसहायक विज्ञान शिकत आहोत. सुट्टीत घरी गेलो की वडीलधारी माणसे विचारतात, ‘हे शिकून पुढे काय?’ त्यांना उत्तर देताना आम्ही अंगठ्यापासून सुरुवात करतो.

आपल्या भागात अंगठ्याला मोठा इतिहास आहे. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी सावकाराकडे राबणाऱ्यास ‘लग्नगडी’ म्हणत. 1945 साली तलासरी तालुक्यातील झरी येथे सभा भरली आणि शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली बांधवांनी वेठ नाकारली. त्या पिढीतील बहुतेकांची सही म्हणजे अंगठा. वर काय लिहिले आहे ते वाचून न दाखवताच तो उमटवून घेतला जाई, असे आमच्या घरांतील वृद्ध सांगत आले आहेत.

कागदावर उमटलेला शाईचा अंगठा सर्वांना दिसतो. हाताळलेल्या कागदावरचा घामाचा ठसा मात्र दिसत नाही. तो दृश्य करणे हे रसायनशास्त्राचे काम. याच विद्यालयाच्या प्रयोगशाळेत सरांनी मिठाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब सोडले होते. पांढरा साका तयार झाला आणि उन्हात ठेवताच काळवंडला. घामातही मीठ असते. म्हणून त्याच अभिक्रियेने कागदावरील ठशाच्या रेषा उमटतात. घामातील अमिनो आम्लांशी निनहायड्रिनचा संयोग झाला, तर त्या रेषा जांभळ्या दिसतात. हे द्रव्य 1910 पासून ज्ञात होते. ठशांसाठी त्याचा उपयोग स्वीडनमधील दोन संशोधकांनी 1954 साली दाखवून दिला. आम्ही पहिल्यांदा तो प्रयोग केला, तेव्हा कोऱ्या वाटणाऱ्या कागदावर हळूहळू उमटणारी ती जांभळी बोटे कितीतरी वेळ पाहत राहिलो.

परंतु या विद्येची मर्यादा शिकणे आम्हांस अधिक मोलाचे वाटले. ठसा कोणाचा, हे विज्ञान सांगू शकते. मजकूर आणि ठसा एकमेकांवर आले असतील, तर आधी काय उमटले हेही काही वेळा सूक्ष्मदर्शकाखाली तपासता येते. मात्र अंगठा देणाऱ्यास मजकूर समजला होता काय, याचे उत्तर कोणत्याही परीक्षानळीत मिळत नाही. ‘निश्चित मत देता येत नाही’ असे अहवालात लिहिण्यासही धैर्य लागते. तपासकाला निकालाची घाई नसावी आणि आरोपी कोणत्या जातीचा वा गावचा, याच्याशी त्याला कर्तव्य नसावे. ऐकीव म्हणून वा गुरूने सांगितले म्हणून काही मानू नये, हा कालामांना केलेला उपदेश आम्ही येथेच ऐकला होता. त्याचा अर्थ प्रयोगशाळेत रोज कळतो.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करणे अपेक्षित आहे. ही व्यवस्था उभारण्यास राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुभा आहे. म्हणजे माणसे लागणार आहेत. पावसाळ्यात वाट वाहून गेलेल्या पाड्यावर जो तज्ज्ञ पोहोचेल, त्याला तेथील बोली समजली, तर साक्ष देणारी म्हातारी निर्भयपणे बोलेल. तो तज्ज्ञ आपल्याच मुलामुलींपैकी का नसावा?

धाकट्या भावंडांनो, दहावीनंतर विज्ञान शाखा घ्यायला कचरू नका. इंग्रजी पुस्तके आरंभी जड जातात, आम्हांसही गेली. शब्दकोश जवळ ठेवला की वर्षभरात वाट सापडते. प्रयोगवहीत मात्र जे दिसले तेच लिहा. मुंबईत आलात, तर राहण्याची व प्रवेशाची माहिती देण्यास आम्ही आहोतच.