दुसऱ्या बाजूची टिपणं

१
१५ मार्च १९६८. बीटल्सची नवी तबकडी इंग्लंडात बाजारात आली. पहिल्या बाजूला 'लेडी मॅडोना', दुसऱ्या बाजूला 'द इनर लाइट'. पहिली बाजू इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेली, अमेरिकेत चौथ्या. दुसरी बाजू अमेरिकेच्या यादीत ९६व्या क्रमांकावर, तीही एकच आठवडा. ही दुसरी बाजू मुंबईत वाजवलेली.

२
जॉर्ज हॅरिसनचं गाणं बीटल्सच्या सिंगलवर येण्याची ही पहिली वेळ. आलं तेही पाठीमागून.

३
फोर्टात फिरोजशहा मेहता रस्त्यावरची युनिव्हर्सल बिल्डिंग, एचएमव्हीचा स्टुडिओ. जानेवारी १९६८. हॅरिसन 'वंडरवॉल' या चित्रपटाचं संगीत ध्वनिमुद्रित करायला आलेला. मुंबईतलं यंत्र मोनो. स्टिरिओ यंत्र कंपनीचे भास्कर मेनन कलकत्त्याहून रेल्वेनं घेऊन आले, असं हॅरिसननंच सांगून ठेवलं आहे. भिंती आवाज अडवणाऱ्या नव्हत्या, रस्त्यावरची वाहनं आत ऐकू येत. वादक जमवायला मदत केली ती रविशंकरांचे शिष्य शंभू दास यांनी. सरोद आशिष खाँ, पखवाज महापुरुष मिश्र, हार्मोनियम आणि तबलातरंग रिजराम देसाद. शहनाईवाले हनुमान जाडेव, असं इंग्रजी पुस्तकं म्हणतात. जाधव असणार. चित्रपटाचं काम झालं, वेळ उरला, म्हणून १२ तारखेला हे एक गाणंही उरकून घेतलं.

४
बीटल्सच्या या गाण्यात एकाही बीटलनं वाद्य वाजवलेलं नाही.

५
शब्दांचं मूळ 'ताओ ते चिंग'चं ४७वं प्रकरण. घरबसल्याही जग जाणता येतं, असा त्याचा रोख. ध्वनिमुद्रण मात्र लंडनहून विमानानं मुंबईला येऊन.

६
ते प्रकरण हॅरिसनला सुचवलं हुआन मास्कारो यांनी, पत्र लिहून. जन्मानं स्पॅनिश, केंब्रिजला संस्कृत शिकवणारे, गीतेचे इंग्रजी अनुवादक. म्हणजे चिनी ग्रंथ, स्पॅनिश पंडित, इंग्रज गायक, फोर्टातले वादक. आणि अमेरिकेत ९६वा क्रमांक.

७
गायन फेब्रुवारीत लंडनला. पट्टी उंच, हॅरिसन कचरत होता. लेनन आणि मॅकार्टनीनं धीर दिला. दोन आठवड्यांत मंडळी ऋषिकेशच्या वाटेला लागली. तबकडी बाजारात आली तेव्हा हे तिघं आश्रमात ध्यानाला बसले होते.

८
तबकडीच्या लेबलवर वादकांची नावं नाहीत. तेव्हा पद्धतच नव्हती, हे खरं. पण त्याच वर्षी नोव्हेंबरात 'वंडरवॉल म्युझिक' आली, तिच्या वेष्टनावर आहेत. संतूरवाले शिवकुमार शर्मा यांचं आडनाव तिथं 'शेर्मर' झालं. छापलं, हेही नसे थोडकं.

९
जयपूर. भट्टांचं घर सतारीचं. थोरले भाऊ शशिमोहन रविशंकरांचे शिष्य. जर्मनीहून एक मुलगी सतार शिकायला आली, येताना गिटार घेऊन आली. धाकट्या विश्वमोहननं ती गिटार उचलली, मांडीवर आडवी घेतली, तिला तारा वाढवल्या: सुरांच्या तीन, पाच साथीच्या, बारा तरफेच्या. नाव मोहनवीणा.
तिकडे इंग्लंडातली पोरं गिटार खाली ठेवून सतार हातात घेत होती, तोच हा सुमार.

१०
सप्टेंबर १९९२, कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराचं एक चर्च. राय कूडर, ज्यानं रोलिंग स्टोन्सबरोबर गिटार वाजवली, आणि जयपूरचे विश्वमोहन भट्ट. ओळख झाली आणि तासाभरात वाजवायला बसले. तालमी नाहीत. तबल्यावर सुखविंदर सिंग, आणखी एका तालवाद्यावर कूडरचा मुलगा, वय १४. त्या बैठकीच्या 'अ मीटिंग बाय द रिव्हर' या अल्बमला १९९४मध्ये ग्रॅमी.

११
त्याच १९९२ साली अमेरिकेतल्या 'स्टार ट्रेक' मालिकेच्या एका भागाला नाव दिलं 'द इनर लाइट', या गाण्यावरूनच. भागात कप्तान दुसऱ्या ग्रहावर आयुष्य काढतो आणि बासरी शिकतो. पुढच्या वर्षी या भागाला ह्यूगो पुरस्कार. गाण्याला कुठलाच नाही.

१२
मराठी माणसाला जयपूर ऐकलं की हवामहल नंतर आठवतो, आधी अल्लादियाखाँ. घराणं जयपूर-अत्रौली, वाढलं कोल्हापुरात आणि मुंबईत. जयपूरला जाऊन 'ते घराणं कुठं आहे?' विचारू नये. लोक सभ्य आहेत, रस्ता दाखवतील.

१३
१९७७. व्हॉयेजर अंतराळयानांवर सोनेरी तबकडी पाठवायची होती. हॅरिसनचं 'हिअर कम्स द सन' घ्यायची खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांची इच्छा होती. बीटल्स राजी होते. पण हक्क त्यांच्याकडे नव्हते आणि कायदेशीर स्थिती धूसर, म्हणून धोका पत्करला नाही, असं सेगन लिहितात. केसरबाई केरकरांची भैरवी गेली. गोव्यातलं केरी, अल्लादियाखाँची तालीम, जयपूरची गायकी. साडेतीन मिनिटं. दुसरं यान ५ सप्टेंबरला सुटलं. १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या.
केसरबाई आयुष्यभर ध्वनिमुद्रणाबाबत कमालीच्या चोखंदळ होत्या. पोचल्या मात्र सगळ्यात लांब.

१४
बीटल्सच्या मूळ अल्बमांपैकी एकातही 'द इनर लाइट' नाही. पुढं संकलनात घेतलं. राहिलेल्या गोष्टींसाठी संकलनं असतात.

१५
२९ नोव्हेंबर २००२, लंडनचा अल्बर्ट हॉल, हॅरिसनच्या पहिल्या स्मृतिदिनी. हे गाणं जेफ लिन आणि अनुष्का शंकर यांनी सादर केलं. रविशंकरही सभागृहात होते.

१६
एप्रिल २०२०, सगळं जग घरात कोंडलेलं. हॅरिसननं १९७३ मध्ये काढलेल्या मटेरियल वर्ल्ड फाउंडेशननं आवाहन केलं: घरूनच 'द इनर लाइट' म्हणा, वाजवा, एखादी ओळ चालेल, दर सादरीकरणामागे आम्ही मदतनिधीला एक डॉलर देऊ. ज्या गाण्याला एक आठवडा मिळाला होता, त्याला बावन्न वर्षांनी टाळेबंदी उपयोगी पडली.

१७
या गाण्यातली बासरी कुणाची? काही पुस्तकांत हरिप्रसाद चौरसिया, काहींत एस. आर. केंकरे. चौरसियांचं नाव आज जगाला ठाऊक आहे, म्हणून त्यांच्या बाजूनं मतं जास्त पडतात, असा माझा संशय आहे.