हरलेला मोसम

विजयाची कथा सांगणाऱ्यास श्रोते अनायासे मिळतात. पराभवाची कथा ऐकताना मात्र माणसे तिच्या अखेरीस एखादा विजय शोधू लागतात. आमच्या कथेत तो नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे.

१९७३ साली आम्ही गुलबर्ग्यास, म्हणजे आजच्या कलबुर्गीस, महाविद्यालयात शिकत होतो व तेथील फुटबॉल संघात खेळत होतो. त्या मोसमात आम्ही एकही सामना जिंकलो नाही. संघ म्हणजे सीमाभागाचे लहानसे चित्रच होते. बिदर-भालकीकडचे मराठी, सेडमकडचे कन्नड, शहरातील दखनी बोलणारे आणि उडुपीहून बदलून आलेल्या एका बँक अधिकाऱ्याचा कोंकणी मुलगा. चेंडू मागताना 'इकडे दे', 'इल्ली कोडु', 'इधर देओ' आणि 'हांगा दी' अशा हाका एकदमच उठत आणि चेंडू बहुधा प्रतिपक्षाकडे जाई!

बिदर वसले आहे तांबड्या जांभ्याच्या पठारावर. गुलबर्ग्याची जमीन काळी, तुरीची. पाऊस पडला की ती पायांस अशी लगडे की पाऊल उचलणे जड होई. बूट तर सर्वांपाशी नव्हतेच. १९७२ चा दुष्काळ नुकताच सरला होता. कित्येकांच्या घरची माणसे खडी फोडून आलेली. त्या घरांत बुटांची गोष्ट काढणे कोणासही शोभले नसते.

फुटबॉलची गोडी आमच्याकडे आली ती हैदराबादेहून. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आमचे जिल्हे हैदराबाद राज्यातच होते. तेथील सिटी पोलीस संघाने १९५० पासून सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स करंडक जिंकला, ही गोष्ट वडीलधारी मंडळी अभिमानाने सांगत. त्या संघाचे गुरू सय्यद अब्दुल रहीम हे मूळचे शाळामास्तर. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये बहुतांशी अनवाणी खेळणारा भारतीय संघ युगोस्लाव्हियाकडून १०–१ असा हरला, तेव्हा प्रशिक्षक तेच होते. त्यानंतर खेळाडूंच्या पायांत बूट आले. १९५६ साली मेलबर्नला आपला संघ चौथा आला. १९६२ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत तो प्रथम दक्षिण कोरियाकडून २–० असा हरला आणि अंतिम सामन्यात त्याच कोरियास त्याने २–१ असे नमविले. पुढच्याच वर्षी, जून १९६३ मध्ये, रहीमसाहेब निवर्तले.

आमचे क्रीडाशिक्षक प्रत्येक पराभवानंतर हीच कथा सांगत, आणि आम्ही आपल्या जाकार्ताची वाट पाहत राहू. ते आलेच नाही. शेवटचा सामनाही हरलो आणि मोसम संपला.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी मैदानावर जाण्याचे काहीच कारण नव्हते. सामना उरला नव्हता, सरांनी बोलाविले नव्हते, परीक्षा जवळ येत होती. तरीही एकेक करून सारे आले. कोणी कोणास कारण विचारले नाही. एकाने चेंडूची वादी आवळली, दुसऱ्याने दोन दगड ठेवून गोल आखला, आणि चेंडू दिसेनासा होईपर्यंत आम्ही खेळलो. गाणगापूरला दत्तदर्शनास गेलो असता निष्काम कर्मावरील निरूपणे पुष्कळ ऐकली होती. त्यांचा थोडासा अर्थ त्या सायंकाळी पायांना कळला.

रहीमसाहेबांच्या पराभवांना त्यांच्या विजयाने अर्थ दिला. तसा अर्थ द्यावयास आमच्यामागून काही आले नाही. तथापि तो मोसम वाया गेला असे आम्हांस कधी वाटले नाही. पुढे बदल्या झाल्या, नोकऱ्या लागल्या, माणसे पांगली. आजही त्यांतील कोणी भेटला तर गोलांचा हिशेब निघत नाही. त्या सायंकाळी कोण कोण आले होते, तीच नावे पुन्हा मोजली जातात.